विकेट पडली तर मी काय करू?

कोथरूडच्या त्या फ्लॅटची बेल चांगली खणखणीत होती, पण आईला ऐकूच जायची नाही. साठी उलटल्यावर तिचे दोन्ही कान मंदावले, आणि श्रवणयंत्र ती घरात काढूनच ठेवायची. मिक्सर लावला की डोक्यात जातं म्हणे. मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. त्याने एका रविवारी ओट्यावरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी चिकटवली.

पट्टी ६० दिव्यांची, ५ व्होल्टची. असला एकेक दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो. सगळे मिळून साडेतीन अँपिअरच्या वर. मोबाइलच्या जुन्या चार्जरला ते झेपलं नसतं, म्हणून त्याने प्रकाशाला मर्यादा घातली. ईएसपी ३२ चा बोटभर बोर्ड, त्यात डब्ल्यूएलईडी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि हुकूम सोडायला होम असिस्टंट. अमुक घडलं की तमुक कर, एवढंच त्याला सांगायचं. बेल दाबली की पट्टी पिवळी होऊन संथ उघडझाप करायची. भराभर लुकलुकणाऱ्या उजेडाने काहींना फिट येऊ शकते, म्हणून वेग मुद्दाम कमी. पोरगं हुशार होतं, आणि इथवर शहाणंही.

मग हात शिवशिवायला लागले. पाऊस येणार असला की निळा. वॉशिंग मशीन थांबलं की जांभळा. वीजबिल आलं की केशरी, त्याचे शेअर चढले की हिरवा. आयपीएल सुरू झाल्यावर विकेटला लाल आणि षटकाराला इंद्रधनुष्य. आई शेजारणींना कौतुकाने दाखवायची. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्या-जांभळ्यातला फरक कळेनासा होतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळायचं, की काहीतरी झालंय.

एका शनिवारी दुपारी मॅच रंगात आली होती. आई मटार सोलत होती. पट्टी उजळली, तिने मान वर केली, कोणीतरी आउट झाला असेल म्हणून पुन्हा शेंग हातात घेतली. गॅसवाला सिलिंडर घेऊन परत गेला.

"अगं, पिवळा लागला होता ना?"

"लागला असेल. दिवसभर काहीतरी लागतंच असतं रे."

मुलाच्या मनात पट्टी दुप्पट लांब करायची होती. आईने त्याला समोर बसवलं. "एकेक सांग. हा लागला की मी उठून काय करायचं?"

पावसाला वाळणं काढायचं, तो राहिला. मशीनमधले कपडे अर्ध्या तासाने काढले तरी चालतात. वीजबिल तोच भरायचा. शेअरही त्याचेच.

"आई, विकेट तरी ठेवू दे."

"विकेट पडली तर मी काय करू? पॅड बांधून जाऊ?"

बेल आणि पाऊस, दोनच उरले. पावसाचा तिने रंग नाही, चाल बदलायला लावली. आता तो उजेड पट्टीवरून डावीकडून उजवीकडे धावतो.

"आणि तू घरी यायला निघालास की लागेल का रे?"

"लागेल की. फोनवरून कळतं त्याला. पण कशाला? तू उठून काय करणार?"

"कुकर लावणार. पण निघाल्या निघाल्या नको, चांदणी चौक ओलांडलास की लाव. तुमच्या त्या ट्रॅफिकचा काय भरवसा, भात गार होतो."