स्वप्नातली कोरी पानं



आजचं वाचन बृहदारण्यक उपनिषदातलं, चौथा अध्याय, तिसरं ब्राह्मण. जनक राजा विचारतोय आणि याज्ञवल्क्य सांगतायत, की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात. पाहणाराच ते सगळं तिथं उभं करतो.

हे वाचताना आमच्या आबांचा प्रश्न डोक्यात होता. आबांचं वय 85. जन्मभर रोज ज्ञानेश्वरी वाचली, आता डोळ्यांनी साथ सोडली. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाले, "सपनात पोथी उघडली तर समदी पानं कोरी. माझं वाचन संपलं म्हणायचं का रं?"

स्वप्नफळं सांगणाऱ्यांकडे याची दोन उत्तरं तयार असतात: नवी सुरुवात, नाहीतर अशुभ. मला दोन्ही स्वस्त वाटतात. 85 वर्षांच्या माणसाला नवी सुरुवात सांगणं ही थट्टा झाली, आणि अशुभ सांगणं तर पापच.

याज्ञवल्क्यांचं ऐकलं तर ती पानं बाहेरून आलेली चिठ्ठी नाही. वाचता येत नाही ही दिवसाची हुरहूर, तिनंच रात्री पोथीचं रूप घेतलं. आणि बघा, पानं कोरी होती, पण होती! आमच्या प्रोग्रामिंगमध्ये रिकामी स्ट्रिंग आणि नल या दोन वेगळ्या गोष्टी. एकीत जागा आहे, मजकूर नाही. दुसरीत काहीच नाही. आबांना हे असं सांगितलं नाही अर्थात. "आबा, पोथी जाग्यावरच हाय ना," एवढंच म्हणालो.

पण मग तुकोबांच्या स्वप्नाचं काय करायचं? नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व कर म्हणाले, हे तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगितलंय. नामदेवांचा शतकोटी अभंगांचा संकल्प अपुरा राहिला होता, तो उरलेला भाग तुकोबांवर सोपवला. दोघांत जवळपास तीनशे वर्षांचं अंतर. म्हणजे तुकोबांना स्वप्नात आयते अभंग मिळाले नाहीत, दुसऱ्याची राहिलेली कोरी पानं मिळाली. ते मनाचेच खेळ म्हणून सोडून देता आलं असतं. त्यांनी ते ऋण मानलं आणि लिहायला लागले. स्वप्न माणसाला बांधतं का, याचं उत्तर मला तरी उपनिषदापेक्षा इथं जास्त सापडतं. बांधून घ्यायचं की नाही, हे जागेपणी ठरतं.

आपल्या अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी आठवा. सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद कापड, आणि त्यावर पंचीकरण लिहिलेलं: पाच भूतांच्या मिश्रणातून हे सगळं कसं घडतं त्याचं विवेचन. पासोडी म्हणजे खरं तर पांघरायचं जाड कापड. जे अंगावर घेऊन झोपायचं, त्याचंच पंतांनी पान केलं. एवढं कोरं कापड समोर पसरल्यावर याचा अर्थ काय, असा विचार करत ते बसले नसावेत.

आबांचं राहिलेलं वाचन आता माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी फोनवर नऊ ओव्या. अडखळलो की पुढचं तेच म्हणतात, पाठच आहे त्यांना.

उद्या याच ब्राह्मणातला गाढ झोपेचा भाग घेऊ, जिथं स्वप्नंही नसतात.