चार मार्कांचं काय करायचं?

आमच्या सोसायटीतला एक मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला तो माझ्याकडे आला, मोबाइलवर त्याच्याच उत्तरपत्रिकेची पीडीएफ उघडून. मेकॅनिक्समध्ये 80 पैकी 29. पासिंग 32.

"दादा, बघ ना, काही होतंय का."

कळंबोलीत आमची इमारत लोखंड बाजारापासून फार लांब नाही. रात्री ट्रेलरचे हॉर्न चालूच असतात. त्या आवाजात आम्ही एकेक पान झूम करून बघत बसलो. सतराव्या पानावर एक अख्खं गणित तपासायचंच राहून गेलं होतं. पाच मार्कांचं, जवळपास बरोबर. चार तरी मिळायला हवे होते. म्हणजे 33. पोरगा खुर्चीवरून उडालाच.

मग मी सवयीने मागची पानंही बघितली. ऑफिसात कोड रिव्ह्यू करून करून लागलेली खोड. नवव्या पानावर तुळईच्या आधारांवरच्या प्रतिक्रिया काढायच्या होत्या. त्याने मोमेंट घेताना अंतर चुकीच्या बिंदूपासून मोजलं होतं. पुढचं सगळंच चुकलेलं. तरी पाचपैकी चार मिळाले होते. खरं तर एकच मिळायला हवा होता.

हिशेब सोपा आहे. 29 अधिक 4, वजा 3. बरोबर 30. नापास.

आता खरी गंमत. गुणपडताळणीचा अर्ज केला तर फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर बघतात. पुनर्मूल्यांकन मागितलं तर दुसरा परीक्षक सगळा पेपर नव्याने तपासतो. पहिल्या दारातून गेला तर पास, दुसऱ्यातून गेला तर बहुतेक नापास. दोन्ही दारं नियमातलीच.

मी पटकन म्हणालो, "गुणपडताळणी भर." तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण ते चार मार्क माझे नाहीत ना?"

खरं सांगायचं तर मला राग आला. याला कोण सांगतं एवढा विचार करायला! पण तो गेल्यावर मला झोप लागली नाही. आमच्या धंद्यात असं असतं की वापरणाऱ्याच्या फायद्याचा बग सहसा कोणी कळवत नाही. वॉलेटमध्ये चुकून दोनदा कॅशबॅक आला तर कस्टमर केअरला फोन करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मीही नाही केलेला.

परीक्षा न्याय्य व्हावी म्हणून आपण सहसा यंत्रणेबद्दल बोलतो. 2016 साली मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून इंजिनिअरिंगच्या उत्तरपत्रिका पैसे घेऊन बाहेर काढल्या जात होत्या आणि विद्यार्थी त्या पुन्हा लिहीत होते. भांडुप पोलिसांनी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना अटक केली. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने सर्व शाखांचे पेपर संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती: स्कॅन झालेला पेपर घरी नेता येत नाही आणि बेरीज मशीन करतं. पण सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका, घाईघाईची तयारी. कुलपती चे. विद्यासागर राव यांनी दिलेली 31 जुलैची मुदत हुकली. 24 ऑक्टोबर 2017 ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढलं. (मोठी सिस्टीम एका हंगामात सगळीकडे एकदम लावायची नसते, हे आमच्याकडे नवीन इंटर्नलाही शिकवतात.)

त्या गोंधळातली एक गोष्ट मला उशिरांपेक्षा जास्त टोचते. काही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत. त्यांना सरासरी गुण दिले गेले. कदाचित काहींना ते गुण त्यांच्या लायकीपेक्षा जास्तच मिळाले असतील. तरी त्यांच्यावर अन्याय झालाच, असं मला वाटतं. त्यांनी लिहिलेलं कोणी वाचलंच नाही.

इथे मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडलं. नववं पान एका माणसाने वाचलं आणि चार दिले. रात्री चाळिसावा पेपर असेल, हात सैल झाला असेल. निर्णय चुकला, पण निर्णय झाला. सतरावं पान कोणी वाचलंच नाही. विद्यार्थ्याला अचूक मार्कांची हमी कुठलीच व्यवस्था देऊ शकत नाही. आपलं लिहिलेलं वाचलं जावं, एवढा हक्क मात्र त्याचा आहे. तो मागताना त्याने परीक्षकाची ढिलाई परत केलीच पाहिजे असं नाही. वर्गातल्या बाकी कोणाची नववी पानं कोणी पुन्हा बघणार नाहीये.

दुसऱ्या दिवशी हे मी त्याला सांगितलं. त्याला पटलं. मला मात्र पूर्ण पटलेलं नव्हतं. कारण उरलेलं अर्धं उत्तर मार्कांचं नव्हतंच, तुळईचं होतं. हा पोरगा सिव्हिलला आहे. उद्या कोणाच्या तरी डोक्यावरचा स्लॅब याच्या हिशेबावर उभा राहणार.

अर्जाची मुदत त्या रात्री बारापर्यंत होती. मी त्याला म्हटलं, "फॉर्म भरू, पण आधी ते गणित सोडव." त्याने पाठकोरा कागद घेतला. पहिल्यांदा पुन्हा त्याच बिंदूपासून अंतर घेतलं. दुसऱ्यांदा बाणाची दिशा चुकली. पावणेबारा झाले तेव्हा तो रडकुंडीला आला होता, आणि मीही मनात घाबरलो होतो.

अकरा छप्पनला आम्ही गुणपडताळणीची फी यूपीआयने भरली. गणित त्या रात्री सुटलं नाही. कागद अजून माझ्या टेबलावर आहे, रविवारी येतो म्हणालाय.