अर्धा मिलिलिटर

पर्लकोटेला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला की भामरागडची वाट बंद, हे तालुक्यानं वर्षानुवर्षं सोसलं आहे. हाकेच्या अंतरावरचा हेमलकशाचा दवाखानाही मग नदीपलीकडचा. धानाच्या बांधीत साप चावतो तो याच दिवसांत. अशा वेळी ‘पुढे न्या’ ही चिठ्ठी म्हणजे उपचार नव्हे.

ती लिहिली जाते भीतीपोटी. सर्पदंशाची लस घोड्याच्या रक्तातून बनते. शिरेतून चढवताना एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळतो. विषानं नव्हे, आपल्या हातच्या औषधानं माणूस गेला तर? या भीतीवरचा उतारा म्हणजे ॲड्रेनलिनची स्वस्त कुपी. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सैलावलेल्या रक्तवाहिन्या आखडतात, श्वासनळ्या मोकळ्या होतात, हरवलेली नाडी बहुधा काही मिनिटांत बोटांना लागते. मग थांबवलेली लस पुन्हा सावकाश सुरू करता येते.

हेच संप्रेरक आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज तयार करतात, आणि ते बेफाम सुटलं तर जीवही घेतं. कोकणातल्या लाल विंचवानं हे दाखवून दिलं. त्याच्या विषानं शरीर स्वतःच ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन भरमसाट सोडतं. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, थकलेल्या हृदयामागे फुप्फुसांत पाणी साचतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रोगी खाटेशेजारी बसून पाहिले, त्यांची लक्षणं टिपली. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’नं त्यांची निरीक्षणं छापली. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. आवळलेल्या रक्तवाहिन्या तिनं सैल केल्या आणि विंचूदंशाचे मृत्यू झपाट्यानं घटले.

एकीकडे आखडवायचं, दुसरीकडे सोडवायचं. कुठे काय, हे बावस्करांना मोठ्या यंत्रानं सांगितलं नाही. बोट नाडीवर होतं आणि डोळे रोग्यावर. १९७३ पासून हेमलकशात वीज नसतानाही प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी दवाखाना चालवला. म्हणून साधनं नाहीत ही सबब मला पटत नाही. भामरागडच्या डॉक्टरला पहिली लस तिथंच सुरू करण्याचं प्रशिक्षण हवं, आणि काही बिनसलं तर त्याच्या पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ हवा. कुपी मात्र पावसाआधीच पोहोचवावी, उजेडापासून झाकून ठेवावी, आणि आतलं पाणी तपकिरी दिसलं तर टाकून नवी मागवावी.