राजासमोर उभे राहताना

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय २, वचने १ ते ८.



जव्हार गावाजवळ शिरपामाळ म्हणून एक मोकळा माळ आहे. इ. स. १६६४च्या आरंभी शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. त्या वाटेवर जव्हारचे राजे विक्रमशहा यांची व महाराजांची भेट झाली, आणि ती ह्याच माळावर झाली, असे ह्या मुलखातले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. राजांनी महाराजांस मानाचा शिरपेच अर्पण केला, म्हणून माळास हे नाव पडले अशी परंपरा आहे. डोंगरातल्या लहान राज्याच्या धन्याने मोठ्या सेनेच्या नायकासमोर जाऊन उभे राहणे ही हलकी गोष्ट नव्हे. बोललेल्या एका शब्दावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आज ह्याच माळावरून आपली मुले-मुली दुसऱ्या एका भेटीस जातात. तिला आपण मुलाखत म्हणतो. आणि मुलाखत ह्या शब्दाचा मूळ अर्थ भेट एवढाच आहे. कोणी आश्रमशाळेत शिक्षक होऊ पाहतो, कोणी परिचारिका, कोणी एखाद्या कारखान्यात कारकून. अशा एखाद्या तरुणास डोळ्यांसमोर आणा. पहाटेच्या एस. टी.ने तो पालघरास किंवा नाशिकास निघाला आहे. कागदांची पिशवी त्याने छातीशी धरली आहे. त्याचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात व पावसाळ्याच्या तोंडी परत येतात. ही नोकरी लागली तर धाकट्या बहिणीस त्यांच्यामागे भट्टीवर जावे लागणार नाही, तिची शाळा सुटणार नाही. घराचा एवढा भार त्या पिशवीत आहे. मग दाराबाहेर बाकावर बसला असता त्याचे हात थरथरले, तोंड कोरडे पडले, पाठ केलेले सारे विसरले, तर त्यात नवल काय? आणि वर मन त्यास म्हणते, “तुझा विश्वास खरा असता तर तू भ्याला नसतास.”

बंधूंनो, हे शेवटचे वाक्य खोटे आहे. ते का खोटे, हे आजच्या पाठात पाहू.

पहिली गोष्ट : भय वाटणे हे पाप नव्हे.

नहेम्या हा शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. ख्रिस्तापूर्वी सुमारे ४४५ वर्षांची ही गोष्ट. यरुशलेमेचा कोट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही वार्ता त्याने ऐकली होती. एके दिवशी द्राक्षारस देत असता राजाने विचारले की, तू आजारी नाहीस, मग तुझे तोंड उतरलेले का? तेव्हा नहेम्या स्वतःच लिहितो की, मी फार भ्यालो. तो थोडा भ्याला नाही, फार भ्याला. देवाचा एवढा सेवक. तरी त्याने हे लपविले नाही, व शास्त्राने त्यास दोषही दिला नाही. भ्यालेल्या तोंडानेच त्याने पुढचे उत्तर दिले.

देवाने आपले शरीरच असे घडविले आहे की, महत्त्वाच्या प्रसंगी हृदय जोराने धडधडते व श्वास आखूड होतो. जंगलात वाघाची चाहूल लागली म्हणजे हेच होते, आणि त्यानेच पायांस बळ येते. ते बळ आहे असे जाणावे, शत्रू समजू नये. दाराबाहेर बसले असता श्वास सावकाश आत घ्यावा व त्याहूनही सावकाश बाहेर सोडावा. असे दहा वेळा केल्यास छाती शांत होऊ लागते. हे करण्यात अविश्वास नाही. श्वास देणारा देवच आहे.

दुसरी गोष्ट : क्षणाच्या प्रार्थनेमागे महिन्यांची तयारी होती.

राजाने विचारले, “तुझे मागणे काय?” त्या प्रश्नाच्या व उत्तराच्या मध्ये नहेम्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली. ओठ हलले नसतील. एका श्वासाची ती प्रार्थना. आपणांस ही कथा फार आवडते. परंतु मागचे पान उलटून पाहा. वार्ता आली किसलेव महिन्यात, आणि राजाने विचारले निसान महिन्यात. मध्ये सुमारे चार महिने गेले. त्या काळात तो रडला, उपास केले, प्रार्थना केली. आणि त्याबरोबर विचारही केला. म्हणून राजाने “किती दिवस लागतील?” असे विचारताच त्याने मुदत सांगितली. नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांस पत्रे पाहिजेत, हे त्यास ठाऊक होते. वेशींस लाकूड लागेल व राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ आहे, हे नावही त्यास ठाऊक होते. रानात राहणाऱ्या आपणांस हे लगेच समजेल : लाकूड कोणाच्या हुकमाने मिळते हे ज्यास कळते, त्याची कुऱ्हाड फुकट जात नाही.

कित्येक जण प्रभूचे ते वचन पुढे करतात की, काय बोलावे ह्याची काळजी करू नका, तुम्हांस त्या वेळी सुचविले जाईल. पण मत्तयाच्या दहाव्या अध्यायात ते कोणास सांगितले आहे? प्रभूच्या नावासाठी ज्यांस धरून अधिकाऱ्यांपुढे नेतील, त्यांस. जो वर्षभर पुस्तक उघडीत नाही, त्यास ते अभय नाही.

ह्या बाबतीत पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवावे. त्या कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. आई लक्ष्मीबाईंनी रानातल्या आश्रमात व पुढे यात्रेच्या वाटांवर त्यांस संस्कृत शिकविले. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. त्या सभेनेच त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. आईच्या तोंडून शिकलेली विद्या विद्वानांच्या सभेत टिकली. मग आमच्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकर मुलांनी “आमची बोली हलकी, आमचे शिक्षण पाड्यावरचे” असे म्हणून मान का खाली घालावी?

तिसरी गोष्ट : विचारले त्याचे खरे उत्तर द्यावे.

नहेम्याने आपले दुःख लपविले नाही व वाढवूनही सांगितले नाही. पूर्वजांच्या कबरांचे नगर ओस पडले आहे, मग तोंड कसे उतरणार नाही, असे तो सरळ बोलला. तुम्हीही तसेच करा. प्रश्न कळला नाही तर नम्रपणे पुन्हा विचारा. उत्तर येत नसेल तर “हे मला ठाऊक नाही, साहेब,” असे म्हणा; त्याने मान जात नाही. खोटे एकदा बोलले की ते सांभाळण्यात उरलेली सारी बुद्धी खर्च होते, आणि भय दुप्पट होते. “तुम्ही काय काम केले आहे?” असे विचारले तर आवणी, नाचणीची शेती, लहान भावंडांचा सांभाळ, मंडळीचा हिशेब, जे केले असेल ते संकोचावाचून सांगा. ते काम आहे.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. भयभीत माणसाच्या दारात दलाल लवकर येतो. “पैसे द्या, मुलाखतीत काम करून देतो,” असे तो म्हणतो. १ जानेवारी २०१६पासून केंद्र सरकारने आपल्या गट ‘क’ व अराजपत्रित गट ‘ब’च्या पदांसाठी मुलाखतच बंद केली आहे, लेखी परीक्षा किंवा कामाची चाचणी घेऊन भरती होते. जेथे मुलाखत नाही, तेथे मुलाखतीत काम करून देणारा कोण? जेथे आहे तेथेही तिचा वाटा पाहा : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकंदर २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे २७५ आहेत. बाकीचे आपल्या लेखणीचे. यास्तव बैल विकू नका, जमीन गहाण टाकू नका.

चौथी गोष्ट : निवड म्हणजे न्यायनिवाडा नव्हे.

नहेम्यास मागितले ते मिळाले, आणि पुढे बावन्न दिवसांत कोट पुरा झाला. परंतु प्रत्येकास मिळतेच असे नाही. १९५८ साली अब्दुल कलाम नावाचा तरुण हवाईदलाच्या निवडीसाठी देहरादूनला गेला. उमेदवार पंचवीस, घ्यायचे आठ, आणि त्याचा क्रमांक नववा. तो निराश होऊन परतला. तोच पुढे २००२ साली राष्ट्रपती झाला, आणि जून २००६मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून हवाईदलाच्याच लढाऊ विमानातून उडाला. दार बंद झाले म्हणजे देव मेला असे नव्हे. नाकारलेला प्रत्येक जण राष्ट्रपती होणार नाही, हेही खरे. तथापि त्या खोलीत बसलेल्या तिघाचौघांस तुमचे मोल ठरविण्याचा अधिकार दिलेला नाही. त्यांनी एका जागेस माणूस निवडला एवढेच. तुमचे मोल वधस्तंभावर ठरून चुकले आहे.

उलट, निवड झाली म्हणून ताठूही नये. शिरपामाळावर मान देण्या-घेण्याची ती भेट झाली. पण पुढे अवघ्या आठ वर्षांनी, १६७२ साली, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले. माणसांच्या भेटीतला मान असा आहे. आज शिरावर, उद्या धुळीत.

आता मंडळीच्या शिक्षकांस दोन शब्द. आपल्या पाड्यातला कोणी मुलाखतीस जाणार असेल तर त्यासाठी नुसती प्रार्थना करून थांबू नका. आठ दिवस आधी संध्याकाळी त्यास प्रार्थनामंदिरात बोलवा. दोन वडीलधाऱ्यांस टेबलापलीकडे बसवा, त्यास दार वाजवून आत येऊ द्या, प्रश्न विचारा, आणि हे पुन्हा पुन्हा करा. पहिल्या दिवशी तो अडखळेल, चौथ्या दिवशी कमी अडखळेल. दाखले, त्यांच्या प्रती, जात वैधता प्रमाणपत्र हे आदल्या दिवशीच पिशवीत आहे ना, ते पाहा. शक्य असल्यास त्या गावी आदल्या रात्रीच कोणा ओळखीच्या घरी त्यास पोचवा. त्या सकाळी उपास नको. नाचणीची भाकर खाऊन जाऊ द्या. आणि परत येईल तेव्हा, निकाल काही असो, मंडळीतला कोणी एक जण एस. टी.च्या थांब्यावर उभा असावा. नहेम्या राजासमोर एकटा होता. आपल्या लेकरास परतीच्या वाटेवर तरी एकटे सोडू नये.

ज्या देवाने शूशन राजवाड्यात भ्यालेल्या सेवकाची श्वासभर प्रार्थना ऐकली, तो पालघरच्या कचेरीबाहेरच्या बाकावरही ऐकतो. तो आपल्या मुलांच्या जिभेस सत्य, पायांस स्थैर्य आणि घरांस भाकर देवो. आमेन.