दहा रुपयांची पावती

लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करायची मुभा आहे. दहा-दहाच्या नोटांनी तेवढी रक्कम उभी करायची म्हटलं तर साडेनऊ लाख माणसं गाठावी लागतील. २०२४ साली आमच्या बुलडाणा मतदारसंघात सतरा लाखांवर मतदार होते. म्हणजे निम्म्याहून जास्त मतदारांच्या दारात जायचं, आणि प्रत्येकाने नाही न म्हणता खिशात हात घालायचा. हे होणं शक्य नाही, हे मागणाऱ्यालाही माहीत असतं. तरी तो मागतो. २६ एप्रिलच्या मतदानाआधी आमच्या गावात डबा घेऊन फिरणाऱ्या पोरांना मी सरळ विचारलं, दहा रुपयांनी तुमचं काय भागणार? त्यातला एक माझ्या हाताखाली चौथी शिकलेला. तो म्हणाला, "भागाचं नाही बाई, तुमचा हात लागला पाहिजे."

ती पोरं कोणाची होती ते सांगत नाही, कारण मला त्या उमेदवाराबद्दल बोलायचं नाही. त्या उत्तराबद्दल बोलायचं आहे.

चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात दरसाल अखंड हरिनाम सप्ताह बसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून बायांची वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. पुरुषमंडळींची वर्गणी एकरावर ठरते आणि पारावर बसून ठरते. बायांचं तसं नसतं. त्यांच्याकडे घरोघर जावं लागतं, आणि मालक शेतात असताना जावं लागतं. पूर्वी त्या पैसे देतच नसत. सुपात गहू, तुरीची डाळ, कधी शेंगदाणे. धान्य मूठभर काढलं तर कोणी विचारत नाही, नोट काढली तर विचारतात. आता बचत गट आले, खात्यात थोडे पैसे आले, तरी शंभराची नोट द्यायची तर घरात सांगावं लागतंच. दहाची नोट मात्र तिची स्वतःची असते. जिला घरात कोणी विचारत नाही अशी बाई कोणाला न विचारता जेवढं देऊ शकते, तेवढं हे दान असतं. मोठी वर्गणी मागणारा घराच्या कर्त्याशी बोलतो. दहा रुपये मागणारा चुलीपाशी बसलेल्या बाईशीही बोलू शकतो. माझ्या मते राजकारणातल्या छोट्या देणगीचं पहिलं मोल इथे आहे, आणि ते मोठं आहे.

एका म्हातारीचं सांगते. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, जमीन पुतण्याकडे, ती पडवीत राहते. मी पावती पुस्तक उघडलं, खाली कार्बन सरकवला आणि सवयीने पुतण्याचं नाव लिहायला लागले. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "माह्या नावाची फाड." लुगड्याच्या पदराची गाठ सोडून तिने घडी घातलेली नोट काढली, मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केली आणि मग दिली. पावतीवर तिचं पूर्ण नाव लिहिलं. तिला वाचता येत नाही. तिने ती पावती देव्हाऱ्यात गजानन महाराजांच्या तसबिरीमागे ठेवली.

धर्माने हे फार आधी ओळखलं होतं. पान, फूल, फळ, पाणी यातलं जे भक्तीने येईल ते मी घेतो, असं भगवंत गीतेच्या नवव्या अध्यायात सांगतात. सुदाम्याचे पोहे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. बायबलातली विधवा दानपेटीत दोन नाणी टाकते आणि येशू म्हणतो की हिने सगळ्यांहून जास्त दिलं. यात एक गोष्ट मात्र समान आहे आणि आपण तिच्याकडे पुरेसं पाहत नाही: घेणाऱ्याला त्या वस्तूची गरज नाही. कृष्णाला पोह्यांची वाण नव्हती. देव गरजेपोटी मागत नाही, म्हणून त्याला थोडकंही चालतं. उमेदवाराचं तसं नाही. त्याला गरज आहे, आणि ती पैशाची नसून आपल्या मताची आहे. देवाला शोभणारं मागणं माणूस मागतो तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते पाहायला हवं.

मनात काय असतं? ज्याने दहा रुपये दिले तो मत दुसरीकडे टाकायला बिचकतो. शेजाऱ्याला सांगतो, बोरीच्या झाडाखाली वाद घालतो, पडला तर स्वतः पडल्यासारखा हळहळतो. अमेरिकेत हे आता उघड गणित झालं आहे. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेल्या बर्नी सँडर्स यांना मिळालेली देणगी सरासरी २७ डॉलरची आहे हे त्यांच्या सभांमधून घोषणेसारखं सांगितलं जायचं. पुढे पक्षांनी देणगीदारांची डोकी मोजायला सुरुवात केली. २०२३ साली रिपब्लिकन पक्षाच्या पहिल्या वादसभेत उभं राहायचं तर किमान ४०,००० देणगीदार हवेत, अशी एक अट होती. नॉर्थ डकोटाचे तेव्हाचे गव्हर्नर डग बर्गम धनाढ्य. त्यांनी जाहीर केलं की मला एक डॉलर द्या, मी तुम्हाला वीस डॉलरचं कार्ड देतो, पन्नास हजार जणांना देतो. त्या वादसभेत ते उभे राहिले. एक डॉलर घेण्यासाठी वीस मोजले, म्हणजे तिथे दान कोणी कोणाला केलं? देणाऱ्याचा हात भाड्याने घेतला गेला. हे वाचलं तेव्हा मला म्हातारीची ती सरळ केलेली नोट आठवली आणि राग आला.

आपल्याकडे याची परंपरा जुनी आहे आणि ती कितीतरी चांगली आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला तेव्हा मागणी होती वर्षाला एका पैशाची. रुपयाचे चौसष्ट पैसे होत तेव्हाचा तो पैसा. टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला त्या पैशांतून काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे १९२१ मध्ये बेझवाड्याला काँग्रेसने तीन आकडे ठरवले: टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, चार आणे भरणारे एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे. मुदत ३० जूनची. रुपये जमले, कारण मुंबईच्या धनिकांनी मोठ्या रकमा दिल्या. एकट्या अर्देशीर गोदरेज यांनी तीन लाख दिले. सभासद मात्र कोटी झाले नाहीत. पैशाचा आकडा गाठणं सोपं होतं, चवन्नीवाल्यांचा अवघड. गांधीजींनी दोन्ही आकडे वेगळे का मागितले होते, हे त्यावरून कळतं.

आमच्या काळात हे काम शेतकऱ्यांच्या चळवळीने केलं. शरद जोशींच्या संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावलेले लोक मी चिखलीच्या बाजारात पाहिले आहेत. कोल्हापूरकडे राजू शेट्टींनी 'एक व्होट, एक नोट' म्हणत निवडणुका लढवल्या आणि २००९ ला हातकणंगल्यातून ते लोकसभेत गेले. २०१४ ला पुन्हा गेले. २०१९ ला हरले. आमच्याकडे त्याच चळवळीतून पुढे आलेले रविकांत तुपकर २०२४ ला अपक्ष उभे राहिले. त्यांना अडीच लाखांच्या जवळपास मतं पडली, तरी ते तिसरे आले. नोट दिली म्हणून माणूस निवडून येतोच असं नाही. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ४,६०० रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होता. लोकांच्या मनात काय होतं ते त्यावरून समजावं.

आता खरा प्रश्न. सोयाबीनला भाव मिळावा म्हणून मी दहा रुपये दिले, तर ते दान झालं का? गीतेचा सतरावा अध्याय काढून पाहा. परतफेडीची आशा न ठेवता, स्थळ, काळ आणि पात्र पाहून दिलेलं दान सात्त्विक. फळावर डोळा ठेवून, मन कुचंबत दिलेलं राजस. या मापाने उमेदवाराला दिलेली प्रत्येक नोट राजस ठरते. आमच्या गावातले एक टाळकरी म्हणूनच म्हणतात की पुढाऱ्याला दिलेल्या पैशात पुण्य नाही, त्यापेक्षा शेगावला गजानन महाराजांच्या दानपेटीत टाका. मी त्यांच्याशी बरेचदा वाद घातला आहे. शेगावच्या दानपेटीबद्दल माझी काही तक्रार नाही. शिवशंकरभाऊ पाटलांनी संस्थानचा कारभार ज्या चोखपणे चालवला तो पाहिलेल्या माणसाचा हात तिथे आपोआप सैल होतो. पण उमेदवाराची दहाची नोट दानाच्या अध्यायात शोधणंच मला पटत नाही. ती तिसऱ्या अध्यायात आहे, यज्ञाच्या.

तिथे सांगितलं आहे की माणसांनी देवांना पोसावं, देवांनी माणसांना पोसावं, आणि असं एकमेकांना पोसत दोघांनी आपलं भलं साधावं. लगेच पुढच्या श्लोकात कडक शब्द आहे: दुसऱ्याने दिलेलं जो भोगतो आणि परत काही देत नाही, तो चोर. देणाऱ्याने आशा ठेवली म्हणून त्याला तिथे कोणी कमी लेखत नाही. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी चालावं हेच त्या व्यवहाराचं पावित्र्य आहे.

विनोबांनी हे फार नीट धरलं होतं. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत पहिली जमीन मिळाली, तेव्हापासून ते भूदानाला यज्ञ म्हणत राहिले. शेकडो एकरवाल्याकडे मागत तसंच दोन-चार एकरवाल्याकडेही मागत. गरिबाकडून काय घ्यायचं, असं लोक म्हणत. यज्ञात प्रत्येकाची आहुती पडली पाहिजे, असं त्यांचं उत्तर. सर्वोदय पात्रात तर त्यांनी घरातल्या लहान मुलाच्या हातून रोज मूठभर धान्य टाकायला सांगितलं. मोठ्या माणसाची मूठ मोठी भरली असती, तरी मूल सांगितलं, कारण त्यांना धान्याबरोबर त्या घराची संमती हवी होती. आणि संमती एकदा मागून चालत नाही, ती रोज मागावी लागते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. दहा रुपये मागण्यात काही गैर नाही, उलट तो राजकारणातला सगळ्यांत स्वच्छ पैसा होऊ शकतो. पण ती नोट देणाऱ्याला बांधते तशी घेणाऱ्यालाही बांधली पाहिजे. नुसती देणाऱ्यालाच बांधत असेल तर त्या मुलाचं "हात लागला पाहिजे" हे वाक्य फसवं आहे.

आमच्या सप्ताहात काला झाला, महाप्रसाद झाला, मंडप उतरला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारावर हिशोब वाचतात. कीर्तनकारांची बिदागी, मंडप, भोंगा, गूळ, डाळ, सगळं. पाच हजार देणारा पुढे बसतो आणि दहा देणारी मागे, पण विचारायचा हक्क दोघांना सारखा. एका वर्षी हिशोब चालू असताना मागून तीच म्हातारी उठली. "डाय कोणाच्या दुकानातून आणली? माह्याबी पैशाची हाये ना ती? मंग खडे काहून निंगाले?" पार गप्प झाला. खजिनदाराने दुकानाचं नाव सांगितलं, आणि पुढच्या वर्षी डाळ दुसरीकडून आली. पावतीवर स्वतःचं नाव असल्याशिवाय ती उठली असती असं मला वाटत नाही.

निवडणुकीचा हिशोब असा पारावर कोणी वाचत नाही. राजकीय पक्षाला वीस हजारांपर्यंतची देणगी देणाऱ्याचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागत नाही. ही सवलत दहावाल्यासाठी ठीक आहे, पण तिच्या आडोशाला मोठी रक्कम तुकडे करूनही बसू शकते, आणि मग आमच्या म्हातारीचा पैसा व त्या गठ्ठ्याचा पैसा कागदावर सारखाच दिसतो. निवडणूक रोख्यांचं प्रकरण १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलं आणि पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. निकाल मोठ्या देणग्यांबद्दलचा होता. दहावाल्याने आपला हक्क स्वतः वापरायचा आहे.

तेव्हा माझ्या गावातल्या आणि जिल्ह्यातल्या बायांना एवढंच सांगते. पुढच्या निवडणुकीत डबा दारात आला तर मन मानेल त्याला जरूर द्या, पण पावती मागा, आणि ती स्वतःच्या नावाची मागा. निकाल लागला की विसरू नका. जिंकलेल्या आणि हरलेल्या प्रत्येक उमेदवाराला निकालापासून तीस दिवसांत आपल्या खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो हिशोब कोणालाही पाहता येतो. नियमात त्याची फी एक रुपया आहे.