तव्यापुढचा नवा टाळकरी

वाचक माउलींनो, गेल्या कार्तिकीनंतर आमच्या दिंडीतील विणेकऱ्याचा मुलगा पुण्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकाच्या कामावर लागला. पहिलीच नोकरी. वय वीस, गळ्यात माळ, आणि अनुभव म्हणाल तर घरी आईच्या हाताखाली भाकरी थापल्याचा तेवढा. तिसऱ्या आठवड्यात तो आमच्याकडे आला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, माळ काढून ठेवू, की नोकरी सोडू?"

याला एका शब्दात उत्तर देणारे बुवा पुष्कळ आहेत. आम्हांला ते जमले नाही. बापाच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज, धाकटी बहीण शिकते आहे, आणि पोर काही कष्टाला भिणारे नव्हे. तेव्हा आधी त्याला जेवू घातले आणि म्हटले, "तिथे काय काय होते ते सगळे सांग, मग माळेचे बघू."

त्याने सांगितले ते असे. तेथे शेगड्या ओळीने मांडलेल्या. एका जागी तंदूर, एका जागी डाळ-भाज्या, एका जागी तळण, पलीकडे मांस-मासळी. ज्याने त्याने आपली जागा धरायची. गिऱ्हाईक येण्याआधी तीन-चार तास नुसती तयारी : कांदा चिरा, वाटण करा, ग्रेव्ही आटवा, सगळे डब्यांत भरून हाताशी ठेवा. नव्या पोराच्या वाट्याला बहुधा कांदाच येतो. मग मागणीची चिठ्ठी आली की मुख्य आचारी ती मोठ्याने वाचतो आणि ज्याचा पदार्थ असेल त्याने लगेच ओ द्यायची. एका टेबलाचे चार पदार्थ चार हातांनी शिजतात, पण एका वेळी बाहेर पडावे लागतात. डाळ आधी झाली तर निवते, रोटी आधी झाली तर वातड होते.

"अरे, मग ही दिंडीच की!" आम्ही म्हणालो. तो बघतच राहिला. पण आमचे म्हणणे थट्टेचे नव्हते. हॉटेलातील ही ओळीची शिस्त ऑग्यूस्त एस्कोफिये या फ्रेंच आचाऱ्याने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात १८९० नंतर घालून दिली असे मानतात. हा गृहस्थ १८७० च्या लढाईत फौजेचा स्वयंपाक करून आलेला. आणि आपले हैबतबाबा आरफळकर तरी कोण? शिंद्यांच्या पदरचे सरदार! माउलींच्या पालखीला त्यांनी शिस्त लावली ती १८३२ च्या सुमारास, म्हणजे त्या फ्रेंचाच्या कितीतरी आधी. दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, टाळकरी आपापल्या ओळीत. संध्याकाळी समाजआरतीला चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच वाजवत राहते, आणि चोपदार तेथे जाऊन ऐकून घेतो.

पोरगा हळूच म्हणाला, "महाराज, आमच्याकडे तक्रारीचा टाळ नाही. ओरडा मात्र आहे."

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पण माळेचा गुंता येथेच सुटला. आम्ही विचारले, "तू माळकरी आहेस, हे तू तिथे कुणाला सांगितलेस का?" मान खाली. सांगितले नव्हते. कोटाची वरची गुंडी लावून माळ आत लपवलेली, आणि मांसाचा रस्सा न चाखता तसाच पुढे सरकवत होता. मीठ पडले की नाही याचा पत्ता नाही!

वाचकहो, आमच्या मते दोष येथे होता. माळ कोटाच्या आत असावी हे ठीकच, कारण अन्नाच्या जागी अंगठ्या-गंडेदोरे लोंबू नयेत. पण न चाखता पाठवलेले अन्न ही खाणाऱ्याची फसवणूक आहे. तो बिचारा बाहेर बसला आहे, पैसे मोजणार आहे, आणि आत कोण उभा आहे हे त्याला ठाऊकही नाही. आम्ही सांगितले, "उद्या जाऊन मुख्य आचाऱ्याला हात जोड. म्हणावे, मला मांस चाखता येत नाही. डाळीवर घाला, तंदुरावर घाला, वर्षभर कांदा चिरायला लावा. नाहीच म्हणाले तर दुसरे, शाकाहारी घर बघ. पण लपवू नकोस."

आणखी एक बोलणे झाले. तो म्हणाला, मी काम करताना नामात रंगून जायचा प्रयत्न करतो. तेव्हा आम्ही दचकलो. गोरोबाकाकांचे आख्यान आम्हीच किती वेळा रंगवून सांगितले असेल. पायाखाली मूल आले तरी भान नाही! कीर्तनात डोळे पाणावतात. पण उकळत्या तेलापुढे ते भान हरपणे नको रे बाबा. तिथे जनाबाईंचे जाते आठवावे : मुखात नाम आणि हाताला दळणाची ओढ. सुरी निसटली तर झेलू नये, पाय मागे घ्यावा. भाजले तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. शाई नको, दातांची पेस्ट नको. कच्चे आणि शिजलेले एका फळीवर ठेवू नये. गरम ठेवायचे ते ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचे ते ५ अंशांच्या खाली. यातले निम्मे त्यानेच आम्हांला सांगितले म्हणा! एकादशीला दहा तास भट्टीपुढे निर्जळ उभे राहायचा त्याचा हट्टही आम्ही मोडला. फळे खा, पाणी पी, म्हटले. कुणाला हे रुचणार नाही. न रुचो.

त्याला डाळीची जागा मिळाली. ओरडा अजून आहेच. आषाढीला सुटी मिळाली नाही. एक दिवस मात्र सासवडच्या मुक्कामी येऊन गेला आणि थेट दिंडीच्या चुलीकडे वळला. आमच्या स्वयंपाकीणकाकू ओले फडके घेऊन आमटीचे पातेले उतरवत होत्या. हा म्हणाला, "काकू, कोरडं घ्या. ओल्या फडक्यातून वाफ होऊन हात लवकर पोळतो."

"चाळीस वर्षं ओल्यानंच उतरवते मी," काकू कडाडल्या. "तू कालचा पोर मला शिकवतोस?"

दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेवर पाहतो, तर पाण्याच्या टँकरच्या दांडीवर दोन फडकी उन्हात वाळत घातलेली होती.