पंचाची चूक

सामना संपल्यावर पंचाचे नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही, तर त्याने आपले काम चोख बजावले असे आपण मानतो. मग जिच्यावर पहिली म्हणूनच साऱ्यांचे डोळे खिळलेले, त्या स्त्रीने पंचगिरी करावी तरी कशी?

अमेरिकन फुटबॉलच्या एन.एफ.एल. ह्या व्यावसायिक संघटनेत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. २०१२ साली करारावरून नेहमीचे पंच मैदानाबाहेर राहिले, तेव्हा बदली पंचांत शॅनन ईस्टिन ह्या पहिल्या स्त्री-पंच ठरल्या. कायम नेमणूक सारा थॉमस यांना २०१५ साली मिळाली. १९९६ पासून त्या शालेय आणि पुढे महाविद्यालयीन सामन्यांत पंच होत्या. महाविद्यालयीन सामन्यांत त्या केस टोपीखाली लपवीत. २०१७ साली ‘हेड लाइन्समन’ हे पदनाम जाऊन ‘डाउन जज’ आले आणि २०२१ साली त्याच पदावरून थॉमस यांनी सुपर बोलमध्ये काम पाहिले.

चूक कोणत्या पंचाकडून होत नाही? पुरुष चुकला, तर ‘तो चुकला’ म्हणतात. स्त्री चुकली, तर ‘बायकांना हे जमायचे नाही’ म्हणतात. एकीच्या चुकीचे ओझे साऱ्याजणींच्या माथी मारणे, हा अन्याय आम्हांला दार बंद ठेवण्याहून सूक्ष्म वाटतो. कधीही न चुकण्याच्या अटीवर दिलेला हक्क हा हक्कच नव्हे. पहिली नेमणूक ही समतेची सुरुवात खरी. पण स्त्रीची चूक ही त्या एका व्यक्तीची चूक म्हणून आपण ऐकून घेऊ, तेव्हाच ती समता पुरी होईल.